दंडाला चिकटलेली पळी

जांभगुड्याच्या मोहाच्या झाडाखाली त्या दुपारी एवढी माणसं जमली होती की टँकर आला तरी हंडा घेऊन कोणी उठलं नाही. त्या उन्हाळ्यात गुड्यावरचा, म्हणजे त्या पाड्यावरचा, हापसा नुसती हवा ओकत होता, आणि टँकरचा आवाज आला की निजलेलं लेकरूही रांगेत जाऊन उभं राहायचं. आज टँकरवालाच खाली उतरून गर्दीत शिरला आणि टाचा उंच करून बघू लागला.

बघण्यासारखंच होतं. मधोमध नागुबाई बसली होती आणि तिच्या डाव्या दंडाला भाजी वाढायची पळी चिकटली होती. बांधलेली नव्हती, कोणी धरलेली नव्हती. नागुबाईनं हात वर केला, पळी वर गेली. हात खाली केला, पळी खाली आली.

"हलवा, हलवा," महाराज म्हणाले. "पडायची नाही. आत चुंबक आहे."

नागुबाई माझ्याकडे बघत होती. किनवटला आमच्या मुलींच्या वसतिगृहात तिनं बरीच वर्षं स्वयंपाक केला. मी तिथं गृहपाल. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मुली घरी, चुली थंड, आणि आम्हा सगळ्यांना गावोगाव फिरून लोकांना लसीला तयार करायचं काम लावलेलं. गुड्यावर गोंड आणि कोलाम घरं. सुई म्हटलं की माणसं रानात पळत. तेव्हा नागुबाई पुढं आली होती. "बाई म्हनतेत तं घेते म्या," असं म्हणून तिनं पदर खांद्यावरून सारला होता, आणि तिच्या मागं आठदहा म्हातारी माणसं उभी राहिली होती.

आता त्याच दंडावर पळी लोंबत होती.

"मला काय ठावं बाई," ती हळूच म्हणाली, "सुईतून लोखंड जाते म्हनून."

महाराजांचं नाव वीरभद्र. ते लातूरचे. पांढरा सदरा, भगवं उपरणं, गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटावर मोठं घड्याळ. आधी ते लातूरच्या कुठल्याशा क्लासला खेड्यापाड्यातली पोरं आणून द्यायचं काम करत असत, हे त्यांनी स्वतःच अभिमानानं सांगितलं. कोरोनात क्लास बंद पडले, पोरं घरी गेली, आणि महाराजांना साक्षात्कार झाला. साक्षात्कार झाला, पण बोली क्लासचीच राहिली.

"पहिला डोस म्हणजे फाउंडेशन," ते समजावत होते. "त्यात चुंबकाची पावडर असते. दुसरा डोस म्हणजे ॲडव्हान्स. त्यात ती पावडर आवळून घट्ट होते. मग वरून टॉवर चालू करतात आणि माणूस ओढला जातो."

"कोनीकडं?" लक्ष्मम्मानं विचारलं. ती तेलंगणातून लग्न होऊन गुड्यावर आलेली, आणि मनात आलेलं ओठांवर यायला तिला वेळ लागत नसे.

"टॉवरकडे."

"मंग टॉवरच इकडं आना की महाराज. फोनला रेंज तरी भेटंल."

दोघंतिघं हसले. महाराज हसले नाहीत. त्यांनी पुढचा धडा काढला.

"किनवटचा नवा जिल्हा होणार, ऐकताय ना? कधीपासून ऐकताय? पण ज्यांनी लस घेतली त्यांची नावं नव्या जिल्ह्यात चढणार नाहीत. ती जुन्याच जिल्ह्यात राहतील. चुंबकावर नोंद झालेली असते. खोडता येत नाही."

लक्ष्मम्मा विचारात पडली. "माह्या मालकानं घेतली. म्या न्हाई घेतली. मंग आमचं कसं?"

"तुम्ही नव्या जिल्ह्यात. ते जुन्यात."

"देवा," लक्ष्मम्मानं वर हात जोडले, "कवापासून हेच मागून राहिले होते म्या."

पण हे हसणं वरवरचं होतं. पळी खरोखर चिकटत होती. माझ्यासोबत लस टोचणारी पंचशीला सिस्टर होती. ती पुढं झाली, बाही वर केली आणि म्हणाली, "मीसुद्धा घेतलीय. दोन्ही डोस घेतलेत. लावा पळी."

पळी लावली. पळी पडली. मग माझ्या दंडाला लावली, मीही दोन्ही डोस घेतलेले. तिथूनही पडली. मला वाटलं, संपलं आता.

महाराजांनी डोळे मिटून मान हलवली. "सरकारी माणसांना पाण्याची सुई देतात. हे सिलॅबसमध्येच आहे."

गर्दीतून हुंकार उठला. मग नागुबाईचा पुतण्या पंढरी लंगडत पुढं आला. महाराजांना आणायला तोच मोटरसायकलवर गेला होता, आणि ओढ्याच्या उतारावर दोघं घसरले होते. महाराज वाळूत पडले, पंढरी दगडावर. गुडघा सुजून टम्म झाला होता, पण भक्ती काही सुजली नव्हती, उलट वाढली होती. त्यानं सदरा काढून दोन्ही दंड पुढं केले.

"म्या लस घेतली न्हाई. बघा लावून."

पळी दोन्ही दंडांवरून खाली पडली. मग लस घेतलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाच्या दंडाला चिकटली. न घेतलेल्या कोणाच्याच दंडाला चिकटली नाही.

मला हे मुद्दाम लिहायचं आहे, कारण शहरातले लोक हसतात आणि म्हणतात, आदिवासी भोळे. भोळे कसले. त्यांनी पडताळा घेतला होता. लसवाले एका बाजूला, बिनलसवाले दुसऱ्या बाजूला, आणि पळी दोन्हीकडे लावून पाहिली होती. हे असं तपासायचं डोकं सगळ्यांना नसतं. फोनवर कुठून तरी चमचे चिकटलेल्या माणसांचा व्हिडिओ आला तेव्हा त्यांनी तो नुसता पुढं ढकलला नाही, घरातली पळी काढून करून पाहिला. उत्तर मात्र चुकीचं निघालं होतं, आणि ते का चुकलं हे मलाही त्या घडीला कळत नव्हतं.

"उपाय काय महाराज?" पंढरीनं विचारलं.

महाराजांनी झोळीतून एक काळं वेटोळं काढलं. मधे भोक, बांगडीसारखं. त्याला त्यांनी एक खिळा लावला. खिळा टक्कन बसला.

"हे पलीकडच्या तालुक्यातल्या एका माउलीच्या दंडातून काढलं. चीर द्यायची, वर तुंबडी लावायची, ओढून घ्यायचं. मग विभूती चोळायची. विभूती चोळली की पळी चिकटत नाही. चिकटली तर मला विचारा. सोमवारी अवस आहे. सगळ्यांचं काढू. ज्यांनी आधी घेतली त्यांचं आधी."

म्हणजे नागुबाईचं.

दक्षिणा पैशांत नव्हती. महाराज म्हणाले, पैशाला मी शिवत नाही, वाळलेला डिंक चालेल, मोहफूल चालेल, मध असला तर उत्तम.

पंचशीला सिस्टरनं मला बाजूला ओढलं. "बाई, नागुबाईला शुगर आहे. पायाला काटा लागला होता तर दोन महिने जखम वाहत होती. दंडाला ब्लेड मारलं, त्यावर तुंबडी आणि त्यावर राख. तो हात राहायचा नाही."

मी नागुबाईला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"हात जाईल तं जाऊ दे बाई," ती म्हणाली. "आता कुठं हाय तो माह्या कामाचा? सून भाकरी थापू देत न्हाई. हंड्याला हात लावू देत न्हाईत, म्हनतेत, चिकटशील. नातीला जवळ घेतलं तं पंढरी वरडला, वाळे वढले जातील म्हने."

"वाळे कशाचे आहेत?"

"चांदीचे."

"मग?"

"म्या तेच म्हनलं. तं म्हने, चुंबकाला चांदी आवडते."

तिनं पळी ओढून काढली. त्वचा ताणली आणि सुटली. नात लांब दारात उभी राहून बघत होती. नागुबाईनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

निघताना मी पंढरीला म्हटलं, "बाबा, तुझी काकी आहे. शुगरवाली आहे. दवाखान्यात विचारल्याशिवाय चीर देऊ नका."

पंढरी वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच काकी वाचवायची होती. "बाई, तुम्ही तं येवढं देवाचं करता. रोज महादेवाला पानी घातल्याबिगर घोट घेत न्हाई म्हनतेत. आन महाराजावर विश्वास न्हाई?"

"देवाचं करते म्हणूनच विचारते," मी म्हटलं. आणि मी रस्त्याकडे वळले. जिलानीभाईची ऑटो उभी होती. तिच्यावर भोंगा लावून आम्ही लसीची दवंडी देत फिरायचो. वाटेत जिलानीभाई म्हणाला, "बाई, मेरे को तो लस घेतल्यापासून बायको बी चिकटत नाही, पळी काय घेऊन बसलात."

सोमवारी पहाटे नेहमीसारखी अंघोळ झाली, म्हणजे एका तांब्यात जेवढी होते तेवढी. पिंडीवर पळीपळीनं पाणी घातलं, बेल वाहिला, भस्म लावलं. सहाणेवर गंध उगाळलं, कपाळाला लावलं आणि त्यावर चार अक्षता टेकवल्या. हे मी लहानपणापासून करते. इतक्या सवयीनं करते की हात करतो, मी बघत नाही.

त्या दिवशी आरशात बघितलं. चार तांदूळ माझ्या कपाळावर उभे होते. पडत नव्हते.

तांदळाला लोखंड नाही. माझ्या कपाळात चुंबक नाही. गंध ओलं आहे म्हणून तांदूळ राहतात. गंध वाळलं की दुपारी माझ्या पदरात पडतात, हेही मला माहीत आहे.

मी तशीच खाली बसले. म्हणजे प्रश्न आत काय आहे हा नव्हताच. वर काय आहे हा होता. आणि वर काय आहे, हे आठवायला फार वेळ लागला नाही. नागुबाई वसतिगृहात होती तेव्हा कोणा मुलीचा पाय मुरगळला, कोणाची मान धरली, की ती तव्यावर सालईचा चीक गरम करायची, त्यात हळद कालवायची आणि दुखऱ्या जागेवर जाड लेप द्यायची. सालईच्या झाडाचा हा चीक म्हणजे ओला डिंकच. सकाळी लेप फडक्यानं खरवडून टाकायचा. मुली कुरकुरायच्या, कारण परकर त्या जागी दोन दिवस चिकटत राहायचा. आणि लस टोचल्यावर पंचशीला सिस्टर प्रत्येकाला सांगत होती, दंड दुखेल, घाबरू नका.

दंड दुखेल म्हटल्यावर गुड्यावरची माणसं दुसरं काय लावणार होती?

चीक चिकट असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. रोज जंगलातून तोच तर गोळा करतात. पण लेप हे औषध आहे. अंगावरच्या औषधाकडे चीक म्हणून कोणी बघत नाही, जसं मी कपाळावरच्या तांदळाकडे तांदूळ म्हणून बघत नव्हते. त्यात हापसा कोरडा, धुवायला पाणी नाही. त्यात भीतीनं दंड आणखी दुखणार, म्हणून रोज नवा लेप. जितकी भीती तितका चीक, जितका चीक तितकी पळी घट्ट.

मी पूजेची टोपली उचलली, पिंडी तिथंच ठेवली, पण पळी, अक्षता, बेल आणि भस्माची डबी घेतली. जिलानीभाईला फोन केला. सिस्टरला घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाखाली आसन मांडलेलं होतं. नागुबाई पुढं बसलेली, दंड उघडा. महाराजांच्या उजव्या हातात नवं ब्लेड होतं. बाजूला तुंबडी, राखेची वाटी, आणि डिंकाची दोन पोती शिवून तयार. दक्षिणा ऑपरेशनच्या आधीच घ्यायची पद्धत होती.

मी हात जोडले. माझा आवाज मुळातच बारीक आहे, त्यामुळं गर्दीला गप्प व्हावं लागलं.

"महाराज, आज अवस. माझा नेम आहे. चीर द्यायच्या आधी मला नागुबाईच्या दंडाची पूजा करू द्याल?"

महाराज प्रसन्न झाले. सरकारी बाई शरण आली म्हणजे मोठी ॲडमिशन झाली. "करा माउली. श्रद्धा असली की रिझल्ट लवकर लागतो."

मी टोपलीतून माझी पळी काढली. तांब्याची, हाताएवढी सुद्धा नाही, दांड्याच्या टोकाला नाग. ती नागुबाईच्या दंडावर टेकवली आणि हात काढला. पळी राहिली.

"बघा," महाराज म्हणाले, "देवाची पळीसुद्धा ओढली. केस सिरीयस आहे."

"तुमच्याकडचं ते चुंबक देता जरा?"

त्यांनी झोळीतून वेटोळं काढून मोठ्या मनानं दिलं. हातात घेतल्यावर मी ओळखलं. आमच्या मुलींनी विज्ञानाच्या तासाला फुटक्या स्पीकरमधून असंच वेटोळं काढलं होतं, अजून माझ्या कपाटात आहे. मी ते पळीला लावलं. पळीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा लावलं. फिरवून लावलं. पळी आपली नागुबाईच्या दंडावर निवांत.

"पंढरी," मी म्हटलं, "तू दहावी झालास. तांबं चुंबकाला चिकटतं का रे?"

पंढरीनं महाराजांकडे बघितलं, मग पळीकडे. "न्हाई," तो म्हणाला. "लोखंड चिकटते."

"मग हे बाहेर काढलेलं चुंबक पळीला ओढत नाही आणि आतलं ओढतं?"

"आतलं मेडिकलचं आहे," महाराज म्हणाले. "त्याचा सिलॅबस वेगळा."

मी पळी काढली आणि दंडावर अक्षता टेकवल्या. तांदूळ राहिले. बेलाचं पान लावलं, तेही राहिलं. लक्ष्मम्मा पुढं सरकली. तिनं आपल्या डोक्यातलं झेंडूचं फूल काढून चिकटवलं, मग बिडीचं पान, मग कोंबडीचं पीस. नागुबाईचा दंड जत्रेतल्या बैलासारखा सजला.

"लोखंडाचा तांदूळ खाऊन राहिलो आपन," लक्ष्मम्मा म्हणाली. "म्हनून रेशनचा भात पचत न्हाई."

"पण न घेतलेल्याला का चिकटत न्हाई मंग?" मागून एकानं विचारलं. बरोबर प्रश्न होता. त्याच प्रश्नासाठी मी आले होते.

"पंढरी, गुडघा दाखव."

"माहा?"

"तुझा. दुखतोय ना अजून?"

त्यानं लुंगी वर केली. गुडघा खरबुजाएवढा, त्यावर पिवळसर झाक. मी भाजीची ती स्टीलची पळी उचलली, जिनं एवढा कहर केला होता, आणि पंढरीच्या गुडघ्याला लावली.

पळी राहिली.

पंढरीनं पाय हलवला. पळी हलली. त्यानं पाय झटकला. पळी तशीच. तो एका पायावर नाचू लागला आणि पळी त्याच्यासोबत नाचू लागली. गुड्याचा कुत्रा भुंकायला लागला.

लक्ष्मम्मानं कमरेवर हात ठेवले. "काहून रे पंढरी, सगळ्यांच्या चोरून लस घेतली का? आन घेतली तं घेतली, गुडघ्याला कोनी टोचली तुला?"

मग जे हसू फुटलं ते टँकरपर्यंत गेलं. म्हातारी माणसं खोकत खोकत हसली. पंढरी मात्र हसला नाही. तो खाली बसला, गुडघ्यावर बोट घासलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"सालई," तो म्हणाला. "काकीनं लेप देल्ला होता. पडलो त्या दिशीपासून रोज देऊन राहिली."

नागुबाईनं आपला दंड नाकाशी नेला. पान, पीस, फूल यांच्यामधून तिला वास लागला असावा. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"मेला माहाच चीक," ती म्हणाली.

महाराजांनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त टळतोय. चर्चा नंतर. डाउट्स शेवटी घेऊ." आणि त्यांनी डाव्या कोपरानं नागुबाईचं मनगट दाबून धरलं. ब्लेड खाली आलं.

मी काही धीट बाई नाही. पण माझा हात आपोआप मधे गेला. माझा दंड नागुबाईच्या दंडावर आला आणि मी म्हटलं, "आधी माझ्यातलं ते सुईचं पाणी काढा."

महाराज गडबडले. त्यांनी मला बाजूला सारायला डावा हात पुढं आणला. त्या हाताची मूठ मघापासून बंद होती. उजव्या हातातलं ब्लेड त्या मुठीजवळ आलं मात्र, आपोआप वळलं आणि टक्कन मुठीला जाऊन बसलं.

सगळे बघत राहिले. महाराजांनी ब्लेड ओढलं, सुटेना. त्यांनी झटका दिला. मूठ उघडली आणि आतून काळं वेटोळं ब्लेडसकट राखेच्या वाटीत पडलं. पहिल्यासारखंच, मधे भोक. नागुबाईच्या दंडातून निघायचं होतं ते, चीर पडायच्या आधीच निघून तयार बसलेलं.

"हे काय महाराज?" पंढरीनं विचारलं. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"मॉडेल आन्सर," महाराज म्हणाले.

मग त्यांनी झोळी उचलली. डिंकाच्या पोत्यांकडे एकदा बघितलं, पण त्यांवर आता लक्ष्मम्मा बसली होती. तिला उठवायची कोणाची छाती नव्हती. ते ओढ्याच्या उताराकडे चालू लागले. मोटरसायकलवर सोडायला कोणी गेलं नाही. जिलानीभाईनं ऑटोचा भोंगा सुरू केला आणि त्यातून माझाच रेकॉर्ड केलेला आवाज घुमला, "लस घ्या, सुरक्षित राहा." महाराजांनी चाल वाढवली.

विभूतीचा प्रश्न राहिला होता. मी माझ्या डबीतलं भस्म चिमूटभर घेतलं, नागुबाईच्या दंडावर चोळलं, आणि पळी लावली. पडली. पंढरीच्या गुडघ्यावर चुलीतली साधी राख चोळली. तिथूनही पडली. पिठाचा हात लावला तरी पडली असती. चिकट जागेवर कोरडी पूड बसली की चिकटपणा गेला, यापलीकडे त्यात काही नव्हतं. महाराजांना हे आधीच्या कुठल्या तरी गावी कळलं असणार, आणि तेवढ्या भांडवलावर ते पोती गोळा करत होते.

सिस्टरनं वाटीभर मोहाचं तेल मागवलं आणि एकेकाचा दंड पुसून काढला. पुसताना ती प्रत्येकाला सांगत होती, लसीनं ताप येईल, अंग दुखेल, ते खरं आहे, लपवत नाही. दुखलं तर गोळी देते. लेपही लावा, चालेल. फक्त पळीवरून निदान करू नका.

नात दारातून बघत होती. नागुबाईनं दोन्ही हात पुढं केले. मुलगी आली, आजीच्या मांडीत बसली, आणि पायातला चांदीचा वाळा काढून आजीच्या दंडाला लावून बघितला. पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला. तिला तो खेळच झाला.

पुढच्या शिबिराला पंढरी पहिला उभा होता, लंगडत. सिस्टरनं विचारलं, कुठल्या हाताला देऊ, तर मागून लक्ष्मम्मा ओरडली, "गुडघ्यालाच द्या, तिथं सवय हाय." ती स्वतः दुसरी होती. नवऱ्याच्याच जिल्ह्यात राहायचं नशिबात आहे तर राहते, म्हणाली.

नागुबाईचा दुसरा डोस वेळेवर झाला. दंड दुखला, तिनं लेप लावला. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. एका हातानं भाकरी थापत होती आणि पळी दंडाला लावून ठेवली होती. मी बघत राहिले तर म्हणाली, "खाली ठेवली की माती लागते बाई."

मी अजूनही रोज पिंडीवर पाणी घालते आणि कपाळावर अक्षता लावते. मला कोणी विचारतं, देव मानता मग चमत्कार का नाही मानत. मी एवढंच सांगते की माझ्या देवाला कोणाच्या दंडावर ब्लेड लागत नाही आणि डिंकाची पोतीही लागत नाहीत. काही नवल दिसलं तर जरूर बघा, हात जोडावेसे वाटले तर जोडा. पण जोडण्याआधी तो हात एकदा नाकाशी न्या. लस न घेतलेल्या गुडघ्याला पळी लावून बघा. तांब्याची लावून बघा. आणि तरीही कळलं नाही, तर ज्याच्या मुठीत आधीच काही लपवलेलं नाही अशा माणसाला विचारा. नागुबाईचा हात आज तिच्या खांद्याला आहे, तो एवढ्यानंच आहे.